आप्पांची एमजी आणि पुण्यातली पोर्शे

‘नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, वय ४३. आमचे आप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांनी १९५८ मध्ये मुंबईहून जुनी एमजी टीडी आणली होती. १९५२ चं मॉडेल, दोन सीटची, हिरवी. १९९९ पासून ती खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी आहे. आप्पांना मूलबाळ नव्हतं, ते गेल्यावर गाडी आमच्याकडेच राहिली. मुंबईचा एक घेणारा दोनदा येऊन गेला. म्हणतो, बंद गाडी म्हणजे भंगारच, तरी मी किंमत देतो. इकडे रस्त्यात जमीन गेली तिचे पैसे आलेत आणि पुण्यात २०१९ ची पोर्शे ७१८ बॉक्स्टर बघून ठेवली आहे. धाकटा भाऊ आणि मुलगा (वय १७) पोर्शेच्या बाजूने. माय म्हणते, आप्पाची गाडी इकू नको. मला लहानपणापासून स्पोर्ट्‌स कारचं वेड. दोन्ही गाड्या समोरासमोर ठेवून खरं सांगा, कोणती चांगली?’
– एक वाचक, रावेर तालुका

भाऊ,

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. एमजी विकू नका. पोर्शे यंदा घेऊ नका. आणि मुलाला अठरा पूर्ण होऊन लायसन मिळेपर्यंत दोन्हींपैकी एकाही गाडीची किल्ली त्याच्या हातात देऊ नका. तो ट्रॅक्टर चालवतो असं तुम्ही पुढे लिहिलंय, तेही थांबवा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. यावर मी आणखी काही लिहिणार नाही.

समोरासमोर ठेवा म्हणालात, तर ठेवतो. तुमची टीडी १२५० सीसीची, चार सिलिंडर, दोन एसयू कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे), ताकद ५४ हॉर्सपॉवर. वजन साधारण ९०० किलो. सगळा जीव लावला तर ताशी १२५ च्या आसपास जाते आणि शंभराला पोचायला वीस सेकंदांहून जास्त घेते. बॉक्स्टरचं इंजिन दोन लिटरचं, टर्बो, ताकद ३०० हॉर्सपॉवर, वजन साडेतेराशे किलोच्या पुढे. पाच सेकंदांच्या आत शंभर, आणि वरचा वेग २७५. म्हणजे एमजी एकदा शंभराला पोचेल तेवढ्यात पोर्शे शंभराला जाऊन, जागेवर थांबून, परत शंभराला जाईल. गाडी म्हणून कोणती सरस, यात वादाला जागाच नाही. पासष्ट-सत्तर वर्षांत माणसाने जे जे शिकून घेतलं ते सगळं त्या पोर्शेत आहे.

ब्रेकचं तर जास्तच. टीडीला चारही चाकांना ड्रम. एबीएस नाही, सीटबेल्ट नाही, एअरबॅग नाही, आणि स्टीअरिंगचा दांडा सरळ छातीकडे रोखलेला. सातपुड्याच्या उताराला सारखा पाय ब्रेकवर ठेवलात की ड्रम तापतात, पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. पालच्या रस्त्याने उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा नियम आप्पांना माहीत असणार. तुम्हाला तो नव्याने शिकावा लागेल. पोर्शेत चूक केलीत तर गाडी बऱ्याचदा सावरून घेते. एमजीत सावरणारे फक्त तुम्ही.

मी बॉक्स्टर एकदाच चालवली आहे. इंदूरच्या एका गृहस्थांची, त्यांना शेजारी बसवून, धुळ्याहून सोनगीरपर्यंत, सकाळी सहाला. इंजिन तुमच्या पाठीमागे, सीट आणि मागच्या चाकांच्या मधोमध. त्यामुळे नाक हलकं राहतं आणि वळणावर गाडी स्वतःच्या कमरेभोवती फिरल्यासारखी फिरते. पायाने नुसतं सुचवलं की पुढचा ट्रक आरशात दिसायला लागतो. इतकं अचूक यंत्र माझ्या हाताखाली आधी कधी आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही. पण सोनगीरला चहाला थांबलो तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. आख्ख्या रस्त्यात मी तिला कुठे तरी पळवली असेन तर ती दहा-बारा सेकंद. बाकी वेळ ती माझी वाट बघत होती. चार पदरी रस्त्यावर कायद्याने १००, साध्या रस्त्यावर ७०. तिसरा गिअर पुरता ताणायच्या आत आपली कायद्याची हद्द संपते, आणि पुढे केळीचा ट्रक, उलटी येणारी मोटारसायकल, बकऱ्या, यांची हद्द त्याच्याही आधी. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर सावद्यापासून यावलपर्यंत तुम्ही रोज जाता. तिथे तिची ताकद तुम्ही कुठे वापरणार ते मला दाखवा.

टीडीचं उलटं. धुळ्यातल्या एका वकिलांची टीडी मी अकरा वर्षं सांभाळली, म्हणून हे ऐकीव नाही. दार मागच्या बाजूने बिजागरीला, वरून कापलेलं, कोपर बाहेर टेकतं. पहिल्या गिअरला सिंक्रो (दात अलगद जुळवून घेणारी सोय) नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकलात तर दात वाजतात. पुढची काच पाडून ठेवता येते, आणि मग साठच्या वेगाला डोळ्यांत पाणी येतं. पायाशी इंजिनाची ऊब, नाकाला तेलाचा वास, चाकाखाली डांबर कुठे संपलं आणि खडी कुठे सुरू झाली ते मनगटाला कळतं. साठला तिचं सगळं अंग कामाला लागलेलं असतं, आणि तुमचंही. स्पोर्ट्‌स कारचं वेड म्हणता ना, ते जर चालवण्याचं वेड असेल तर आपल्या रस्त्यांवर, कायद्यात राहून, ते टीडीत पुरतं भागतं. पोर्शेत ते भागवायला रेसचा ट्रॅक लागतो, आणि तो खान्देशात नाही.

आता तुमच्याकडे जे होणार आहे ते सांगतो. त्याच इंदूरच्या गृहस्थांच्या गाडीचं पुढचं टायर परतीच्या वाटेवर पळासनेरजवळ खड्ड्यात फुटलं. साइडवॉल चिरली. बॉक्स्टरला स्टेपनी नसते. पंक्चर बुजवायचं रसायन आणि छोटा पंप मिळतो, पण तो खिळ्याच्या भोकाला, चिरलेल्या बाजूला नाही. त्या मापाचं टायर ना शिरपूरला, ना धुळ्याला. ढाब्यामागच्या लिंबाखाली गाडी लावून ते रात्रभर जागे बसले, टायर दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूरहून आलं. मी जाऊन बसवून दिलं. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत हवा घ्यायच्या जाळ्या असतात, त्यांच्यामागे रेडिएटर. तिथे हात घातला तर वाळलेला पाला आणि कापसाचे पुंजके निघाले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात ती वाट बुजली म्हणजे काय होईल ते सांगायला नको. तुमच्या मळ्याच्या रस्त्यावर, पाटचारीच्या पुलावर, गावातल्या गतिरोधकावर तिचं नाक घासणार ते वेगळंच.

यातलं काही पोर्शेचं दूषण नाही. ती ज्या रस्त्यांसाठी बनली ते रस्ते वेगळे. घ्यायचीच तर मोठ्या शहरात राहणाऱ्याने घ्यावी, जिथे सर्व्हिस जवळ आहे. आणि जमिनीच्या पैशातून तर घेऊच नका, भाऊ. एकदा गेलेलं वावर परत येत नाही. त्या पैशाचं दुसरं वावर, विहीर, ठिबक, कोल्ड स्टोरेज, काय करायचं ते घरात बसून ठरवा. तीन-चार वर्षांनी केळीच्या भावाने साथ दिली आणि तोवरही मन तिच्यातच असेल तर मला परत लिहा. तेव्हा मी तुम्हाला अडवणार नाही, उलट बघायला सोबत येईन.

आता एमजीकडे, कारण खरं काम तिथे आहे.

घेणाऱ्याने भंगार म्हटलं हे त्याच्या धंद्याचं बोलणं आहे. इसार घेऊ नका, कागदावर सही करू नका. टीडी जवळपास तीस हजार बनल्या, पण त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे मूळ इंजिन, मूळ चेसिस असलेली गाडी सहज सापडत नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: आज रस्त्यावर दिसणाऱ्या एमजी हेक्टरशी तिचं नातं नावापुरतं आहे. तुमची गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली. भावाने शोरूममध्ये पार्टची चौकशी केली असं लिहिलंत, तिथे काही मिळायचं नाही. पण ब्रिटनमध्ये या मॉडेलचे पार्ट आजही नवे बनतात आणि मागवता येतात.

पहिलं म्हणजे उत्साहाने बॅटरी लावून सेल मारू नका. पंचवीस वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असू शकतात. चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे पातळ तेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून हॅण्डल घाला आणि हाताने, हळू, घड्याळाच्या दिशेने फिरवून बघा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. नाही फिरलं तर पाइप लावून जोर करू नका. अजून तेल, अजून आठवडा.

दुसरं लाकूड. चेसिस लोखंडी आहे, पण वरच्या पत्र्याच्या आत सगळा सांगाडा ॲश लाकडाचा आहे. खळ्यात पंचवीस वर्षं म्हणजे वाळवीने तिकडे नजर टाकलीच असणार. चांभाराची आर घ्या आणि दाराच्या खांबात, खालच्या पट्टीत, फळीच्या कडेला टोचून बघा. लाकूड चांगलं असेल तर टोक वरच अडेल. केळीच्या खांबात जावी तशी आर आत गेली तर तिथलं लाकूड बदलावं लागेल. ॲश आपल्याकडे मिळत नाही. वकिलांच्या गाडीला आम्ही सागवान लावलं, गावच्याच सुताराकडून, जुना तुकडा समोर ठेवून त्याच मापाने. अजून दार एका बोटाने लागतं.

तिसरं मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, कारण इथे माझ्याच हातून नुकसान झालं होतं. त्या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची. म्हणजे आपल्या पेटीतला एकही पाना नीट बसत नाही. १३ चा आत जात नाही, १४ चा सैल पडतो आणि डोकं गोल करतो. आणि आठचा बोल्ट म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आणाल तो सव्वा पिचचा (म्हणजे दोन आट्यांत सव्वा मिलिमीटर अंतर) असतो, या इंजिनात एक पिचचा लागतो. दोन आटे हाताने जातात, तेव्हा वाटतं बसतोय. मी पहिल्याच वर्षी तसाच आवळला. तिसऱ्या फेऱ्याला हाताला मऊ लागलं आणि भोकातले मूळ आटे माझ्या डोळ्यांदेखत चुऱ्यासारखे बाहेर आले. पन्नासाहून जास्त वर्षं टिकलेले आटे मी पाच सेकंदांत घालवले. नंतर नवा आटा बसवून दुरुस्त केलं, पण ती जखम त्या इंजिनात आहेच. तेव्हा निघेल तो प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्याला भोक पाडून त्याच्या जागी खोचून ठेवा, शेजारी पेनाने लिहा. व्हिटवर्थ पान्यांचा सेट जुन्या बाजारात शोधा. जुन्या जिनिंगवाल्यांकडे, रेल्वेतून रिटायर झालेल्या फिटरांकडे भुसावळला विचारून बघा. त्या पिढीने हेच पाने वापरले.

पेट्रोलबद्दल. टाकीतलं जुनं काढून टाकून टाकी आतून साफ करून घ्या, नाहीतर तो चिकट थर कार्बोरेटरमध्ये येतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर फुगवतं, आणि या एसयू कार्बोरेटरला जेटखाली बुचाचे सील असतात, तेही त्याला टिकत नाहीत. पेट्रोलचे सगळे पाइप आणि सील इथेनॉल सोसणारे घाला. टाकी भरून महिनोन्‌महिने ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कार्बोरेटर साफ झाल्यावर एक खूण बघा: आतला पिस्टन बोटाने उचलून सोडला की तो खाली ‘ठक्‌’ वाजून बसला पाहिजे. रेंगाळत उतरला तर कुठेतरी घासतोय.

ब्रेकचं काही जुनं ठेवू नका. सिलिंडर, रबरी पाइप, सगळं नवं. पाइप बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बुजलेले असतात. वायरिंग उंदरांनी खाल्लं असेल तर पूर्ण बदला, आणि बॅटरी लावणाऱ्याला उभं करून सांगा की या गाडीत प्लसची बाजू चेसिसला जाते. आजच्या सवयीने उलटं लावलं की नुकसान.

कागदांची घाई आजच करा. आर.सी. अजून आप्पांच्या नावावर असेल. मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो आणि सगळ्या वारसांची संमती. आप्पांना मूल नव्हतं म्हणजे भाऊ, पुतणे, बहिणींकडचे, यांतले कायद्याने जे वारस ठरतील ते सगळे आले. आज सगळे सह्या देतील. गाडी चालू होऊन तिची किंमत गावात बोलली जायला लागली की मग कोण काय म्हणेल सांगता येत नाही. एमएच नंबर १९८९ पासून आले, तुमचा त्याच्या आधीचा, तेव्हा जळगावच्या आरटीओत तो संगणकावर चढवून घ्यावा लागेल. आणि नीट ऐका: २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा व्हिन्टेज नंबर निघाला आहे. नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षांसाठी. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. ज्यांचा जुना नंबर आहे त्यांना तो ठेवता येतो. एजंट सोपं म्हणून नवा नंबर काढून देतो म्हणेल, तुम्ही आप्पांचा नंबर सोडू नका.

खर्च एकदम करू नका. पहिल्या वर्षी इंजिन, ब्रेक, लाकूड. रंग आणि सीट शेवटी. हिरवा रंग फिका झाला असेल तर असू द्या, कापडाने पुसून तेलाचा हात फिरवा. बहुतेक लोक उलटं करतात, आधी रंग मारतात आणि मग इंजिनाला पैसे उरत नाहीत. चमकणारी बंद गाडी शेडमध्ये परत जाते.

मुलाचं. त्याला चालवायला देऊ नका म्हटलं, हात लावू देऊ नका म्हटलं नाही. वरचा बोल्टांचा पुठ्ठा त्याच्याकडे द्या. पोर्शेचं झाकण उघडून त्याला काही दिसायचं नाही. तिच्यात काय बिघडलं ते कंपनीचा कॉम्प्युटर सांगणार, आणि तो मोठ्या शहरात. टीडीचं बॉनेट दोन्ही बाजूंनी पाखासारखं उघडतं आणि आत प्रत्येक गोष्ट बोटाने दाखवता येते: हा पंप, हा कार्बोरेटर, इथून ठिणगी. कार्बोरेटर उघडाल तेव्हा त्याला शेजारी बसवा. यंदा लायसन येईपर्यंत त्याला पूर्ण गाडी तोंडपाठ झाली असेल, आणि जो माणूस ब्रेकचा सिलिंडर स्वतः बसवतो तो ब्रेकवर आंधळा विश्वास ठेवत नाही.

मायला विचारा, आप्पा तिला गाडीतून कुठे नेत. तुम्ही लिहिलं नाही, पण ‘इकू नको’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात एखादा रस्ता असतो. गाडी चालू झाली की दिवाळीनंतरच्या थंडीत, पहाटे, आधी एकटे पाच-सात किलोमीटर जाऊन या, तिकडून आलात की चारही ड्रमला हाताचा पालथा पंजा लावून बघा, एखादा जास्त तापला असेल तर त्याचा सिलिंडर सुटत नाहीये. उन्हाळ्यात भर दुपारी काढू नका, पेट्रोल पाइपातच उकळून गाडी बंद पडते. तसं झालंच तर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाका आणि पंधरा मिनिटं सावलीत बसा.

सध्या एवढंच करा: चार प्लग काढा, १ ते ४ क्रमाने वर्तमानपत्रावर ठेवा आणि उजेडात फोटो काढून पाठवा. कोणता काळा, कोणता तेलकट, कोणता गंजलेला, त्यावरून आत काय झालंय ते बरंच कळतं. आठवड्याने हॅण्डल फिरलं की लगेच कळवा. मी रविवारी गॅरेज बंद ठेवतो, रावेरला येईन. येताना व्हिटवर्थचा माझा सेट आणतो.